तोडणकरांचा बॅकअप

तोडणकर सरांचा मोबाईल दुसऱ्या मजल्यावरून पडला तो माझ्यापासून हातभर अंतरावर, कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर आपटून. मी पाण्याच्या पंपाचं बटण दाबायला खाली उतरलो होतो. आमच्या सागरदर्शन सोसायटीत पंप चालू करणं हे सचिवाचं काम आहे असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. पण मी सचिव झालो आणि ते माझ्या गळ्यात पडलं. माझ्यानंतर ते कोण करणार, ही चिंता सभासद अधूनमधून बोलून दाखवतात. माझ्याविषयी त्यांनी व्यक्त केलेली आपुलकी म्हणजे एवढीच.

वर पाहिलं तर सर गॅलरीत खुर्चीवर बसलेले. एक हात कठड्याबाहेर लोंबत होता.

"सर," मी खालूनच म्हटलं, "सामायिक जागेत वरून वस्तू टाकू नयेत असा ठराव आहे आपला. अनुमोदक तुम्हीच होता."

आत्माराम तोडणकर हे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, स्वभावानं अबोल. त्यामुळं उत्तर आलं नाही याचं मला नवल वाटलं नाही. मी आणखी थोडं बोललो. खाली एखादं लहान मूल असतं तर काय झालं असतं, असं म्हणून पाहिलं. मूल नसलं तरी सचिव होता, हेही सुचवलं. तरी सर गप्प. मग मी मोबाईलची बॅटरी, मागचं झाकण आणि उरलेला मोबाईल गोळा केला आणि समोरासमोर बोलायचंच असं ठरवून जिना चढलो. चढता चढता दोन चांगली वाक्यं तयार झाली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. पहिलं वाक्य मी दारातच म्हटलं. दुसरं म्हणायची वेळ आली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. पहाटेच कधीतरी गेले असावेत. फोन हातात धरून बसले होते आणि हात सैल पडला तसा तो सुटला असावा. मी मेलेल्या माणसाला ठराव वाचून दाखवला होता. हे मी बायकोला, विमलाला, सांगितलं नाही. कमालभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "तुमी कायपण बोलला असता तरी त्यानला काय फरक पडनार होता, मयेकर?" त्यांनी हे समजूत घालण्यासाठी म्हटलं असावं.

कमालभाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. उभी हयात कुवेतला काढून आलेत, त्यामुळं परदेशाशी संबंधित सगळे प्रश्न सोसायटीत त्यांच्याकडे जातात. आणि प्रश्न परदेशाशी संबंधितच होता. सरांच्या पत्नी मागंच वारल्या होत्या. एकुलता एक मुलगा रितेश दोह्याला नोकरीला. त्याला कळवायला हवं होतं आणि त्याचा नंबर आख्ख्या इमारतीत कुणाकडे नव्हता.

"दोहा म्हंजे कतार," कमालभाई म्हणाले. "नंबर नऊशे चौऱ्याहत्तरनी सुरू होतो."

"आणि पुढचा?"

"पुढचा माका कसा ठाऊक असनार?"

नंबर अर्थातच सरांच्या मोबाईलमध्ये होता. मोबाईलला तेव्हा बटणं असायची, आणि ती शाबूत होती. बॅटरी घातल्यावर फोननं सुरू झाल्याची धूनही वाजवली. पण पडदा फुटून काळाकुट्ट झाला होता. आत सगळं होतं, बाहेर काहीच दिसत नव्हतं. बाजूच्या खोलीत सरांना जमिनीवर निजवलेलं, विमला आणि इतर बायका भिंतीला टेकून बसलेल्या, आणि आम्ही पुरुष मंडळी गॅलरीत त्या फोनभोवती. प्रत्येकाकडे उपाय होता. एकजण म्हणाला, उन्हात तिरका धरा, पुसट दिसतं. तिरका धरला. नाही दिसलं. दुसरा म्हणाला, एखादं बटण दाबून धरलं की जवळच्या माणसाला आपोआप फोन लागतो, तशी सोय असते. दाबून धरलं. गॅस एजन्सीला लागला. पलीकडल्या बाईनं सांगितलं, तोडणकर, तुमचा नंबर अजून आलेला नाही. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

शेवटी कमालभाईंनी निकाल दिला. "शिम काढा नि तुमच्या फोनात घाला. नावां शिममदी असतात."

मी माझं सिमकार्ड काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि सरांचं माझ्या फोनमध्ये घातलं. सिममध्ये नावं निघाली ती बँकेची, दूधवाल्याची आणि एका फ्रेमवाल्याची. रितेश नाही. विमला आतून म्हणाली, "फोन रितेशनंच आणून दिलेला ना मागच्या सुट्टीत? त्यानं फोनमध्येच भरली असतील नावं." ही गोष्ट तिनं आधी का सांगितली नाही असं मी विचारलं. ती म्हणाली, "मला कुणी विचारलं?"

मारुती मंदिरापाशी तहाचं मोबाईलचं दुकान. तहा कमालभाईंच्या नात्यातला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. पण मोबाईलविषयी बोलताना त्याच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरचा भाव येतो. कमालभाईंच्या स्कूटरवर मागं बसून, मेलेल्या माणसाचा मोबाईल रुमालात गुंडाळून मी तिथं पोहोचलो.

"सोपं आहे काका," तहा म्हणाला. "केबल लावतो, कॉम्प्युटरवर बॅकअप घेतो, तुमच्या फोनात रिस्टोअर मारतो. सर जसेच्या तसे तुमच्या फोनात."

शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. पण घाई होती.

केबल लागली. कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. अर्ध्यावर आली आणि वीज गेली. भारनियमन. माझी थोरली बहीण तुळसाताई अलोऱ्याला असते. भावोजी पोफळीच्या वीजगृहात नोकरीला. म्हणजे ज्या जिल्ह्यात वीज तयार होते आणि ज्या घरातला माणूस ती तयार करतो, त्या घराचा मेव्हणा काळोख्या दुकानात मेलेल्या शेजाऱ्याचा मोबाईल धरून बसला होता. तहानं इन्व्हर्टरकडे बोट केलं आणि तो दुरुस्तीला न्यायचाय असं सांगितलं. आम्ही बाकावर बसलो. कमालभाई म्हणाले की कुवेतला वीज कधी गेल्याचं त्यांना आठवत नाही. मी म्हटलं, तिथं माणसं तरी मरतात ना? ते म्हणाले, "मरतात. पन एसीत."

वीज आली, पट्टी पुन्हा पहिल्यापासून सरकली, बॅकअप झाला. मग रिस्टोअर. कॉम्प्युटरनं प्रश्न विचारला की माझ्या फोनमधली जुनी नावं पुसून सरांची घालायची की दोन्ही एकत्र ठेवायची. मी म्हटलं, एकत्र. माझी माणसं मी का म्हणून घालवू? सचिव या नात्यानं मी सगळ्यांना सामावून घेणाराच आहे. त्या क्षणी हा निर्णय मला मोठ्या मनाचा वाटला होता.

अशा रीतीनं सरांचे नातेवाईक आणि माझे नातेवाईक, सरांचा फ्रेमवाला आणि माझा हेडक्लार्क, सगळे एकाच फोनमध्ये नांदायला लागले. त्यात रितेश सापडला. एक नव्हे, तीन. 'रितेश दोहा', 'रितेश नवा' आणि 'रितेश नवा नवा'. मुलानं नंबर बदलला की सर जुना पुसत नसावेत.

पहिला लागलाच नाही. दुसऱ्यावर एक बाई अरबीत बोलायला लागली. मी घाईनं फोन कमालभाईंच्या कानाला लावला. त्यांनी मान लववून बराच वेळ ऐकलं.

"काय म्हणते?"

"नंबर बंद हाय म्हनते."

"एवढंच? इतका वेळ?"

"अरबीत बोलायला वेळ लागतो, मयेकर."

तिसरा वाजला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. कामावर असेल. तहा म्हणाला, मेसेज टाकू. रितेशला आणि सरांच्या सगळ्या माणसांना एकदमच. मीही हो म्हटलं. "मजकूर सांगा काका. 'तोडणकर सर गेले', बस?"

हे ऐकून मी दुखावलो. सोसायटीच्या सूचनाफलकावरच्या सगळ्या सूचना मी लिहितो. पाणी येणार नाही ही सूचनासुद्धा मी 'सर्व सन्माननीय सभासदांस' अशी सुरू करतो. आणि आयुष्यभर मुलांना चित्रं काढायला शिकवलेला माणूस नुसता 'गेले'? मी उभा राहिलो आणि सांगायला लागलो. तहा इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत गेला:

'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, रत्नागिरी येथील सागरदर्शन सहकारी गृहनिर्माण संस्थेचे कार्यतत्पर सचिव श्री. हरिश्चंद्र मयेकर यांचे सन्मित्र व शेजारी, निवृत्त चित्रकला शिक्षक श्री. आत्माराम तोडणकर यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा आज दुपारी निघेल.'

"काका, हा एका मेसेजात मावत नाही. दोन करतो."

"कर."

त्यानं तो तोडला. सगळ्या नावांवर खुणा केल्या आणि पहिला तुकडा पाठवला. मग दुसरा. दुसरा पाठवताना फोननं काहीतरी कुरकुर केली. सरांच्या कार्डातले पैसे संपले होते. तहा म्हणाला, "तो पेंडिंगला राहिला, काका. टेन्शन नको, जाईल."

तोडला कुठं, हे मी विचारलं नाही. सगळ्या नावांत माझीही नावं आहेत, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आम्ही स्कूटरपर्यंत पोहोचलो तोच फोन थरथरला. पहिलं उत्तर माझ्याच ऑफिसच्या हेडक्लार्कचं होतं. 'मयेकर गेले? धक्का बसला. कपाटाची किल्ली कुठे ठेवतात माहीत आहे का?' दुसरं आमच्याच सोसायटीतल्या, चिपळूणला कामाला जाणाऱ्या एका सभासदाचं. 'फार वाईट झाले. पंपाचे काय?'

मी कमालभाईंना फोन दाखवला. त्यांनी आम्ही पाठवलेला मेसेज उघडून मोठ्यानं वाचला. "...कार्यतत्पर सचिव श्री. हरिश्चंद्र मयेकर यांचे." तिथंच तो संपत होता. कमालभाईंच्या ओठावर सवयीनं मयताची दुवा आली, "इन्ना लिल्लाहि..." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तोबा," ते म्हणाले. "तुमी तर हितंच हाव."

पहिला तुकडा सगळ्यांना पोहोचला होता. मला मेलेला ठरवणारा. सरांना मेलेलं ठरवणारा तुकडा तहाच्या पेंडिंगला होता.

मी ताबडतोब परत फिरलो. तहाकडची रिचार्जची कार्डं संपली होती, दुपारी यायची होती. माझं सिम खिशात होतंच. ते घालून सगळ्यांना कळवतो म्हटलं, तर कमालभाईंनी माझा हात धरला. "सरांचा शिम काढलात नि तेवढ्यात रितेशनं फोन केला तर? त्याला बापाचा फोन बंद मिळनार."

मुलाला बापाची बातमी मिळावी म्हणून मी तूर्त मेलेलं राहायचं ठरलं. माझ्या नंबरावर फोन करणाऱ्याला तो बंद असल्याचं सांगितलं जात होतं, म्हणजे बातमीवर शिक्काच बसत होता. घरचा तारेचा फोन आम्ही मोबाईल घेतल्यावर परत करून टाकला होता. कमालभाईंच्या मोबाईलवरून तुळसाताईला लावला. ती रेंजच्या बाहेर. म्हणजे निघालीच असणार, घाटात असणार. ऑफिसला लावला तर नवीन लागलेल्या मुलीनं उचलला.

"हॅलो, मी मयेकर बोलतोय."

"सर, आज कुणीच नाही ऑफिसात. मयेकर सर वारले ना."

"अहो, मीच मयेकर."

"म्हणजे त्यांचे भाऊ का? फार वाईट झालं सर. शोकसभा झाली आत्ताच. दोन मिनिटं उभे राहिले सगळे, आणि मग सुट्टी दिली."

"शोकसभेत काय बोलले?"

हे विचारायला नको होतं. पण माणसाला ही संधी एकदाच मिळते.

"तसं... वेळेवर यायचे असं म्हणाले," ती म्हणाली.

नगरपालिकेत स्मशानाचा पास काढायला गेलो. तिथला धोंडू माझ्या ओळखीचा, पाणीपट्टीच्या कामासाठी त्याचा नंबर मी घेऊन ठेवलेला. म्हणजे त्यालाही मेसेज. मान खाली घालून तो लिहीतच होता. "मयताचं नाव हरिश्चंद्र मयेकर. वय?"

"धोंडू, वर बघ."

त्यानं वर पाहिलं. पेन टेबलावर ठेवलं. मग खुर्ची थोडी मागं सरकवली.

"मयत आत्माराम तोडणकर," मी म्हटलं. "मी अर्जदार."

"पण साहेब, पासावर नाव लिवून झाला. आता खाडाखोड केली तर वरून सही लागंल. साहेब जेवायला गेलेत." त्यानं जरा विचार केला. "तसाच चालवला तर?"

"आणि उद्या मी खरंच गेलो तर?"

"ता बी खरा," धोंडू म्हणाला आणि साहेबाला शोधायला उठला.

त्या बाकावर बसलेलो असताना सरांच्या सिमवर आणखी एक मेसेज आला. वर नाव होतं, 'रितेश नवा नवा'.

'बाबा, मयेकर काका गेले वाचून वाईट वाटले. तुम्ही जास्त धावपळ करू नका. गोळी घेतली का? संध्याकाळी फोन करतो.'

मी तो दोनदा वाचला. नंबर बापाचा होता, त्यामुळं मेसेज बापानंच पाठवला असं त्याला वाटलं होतं. मला मेलेला समजून तो मुलगा आपल्या मेलेल्या बापाची काळजी करत होता. मी फोन कमालभाईंकडे दिला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढून खिशात ठेवला. उत्तर पाठवायला कार्डात पैसे नव्हते. कमालभाईंनी आपल्या फोनवरून त्या नंबरला दोनदा लावून पाहिलं. अनोळखी नंबर, त्यानं उचलला नाही. आणि त्याचं हे वाचल्यावर ती बातमी नुसत्या मेसेजनं पाठवायला आमचं मन होईना.

सोसायटीत परतलो तर आवारात गर्दी. हेडक्लार्क, ऑफिसची मंडळी, आमचं भजनी मंडळ, दूधवाला, सगळे पांढऱ्या कपड्यांत, जिन्याखाली कुजबुजत उभे. आमच्या दाराला कुलूप, कारण विमला वर सरांच्या घरी. त्यामुळं मला कुठं ठेवलंय याचा त्यांना पत्ता लागत नव्हता. मी स्कूटरवरून उतरलो तेव्हा हेडक्लार्कनं मला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटला असं मी सांगेन, पण आधी जे उमटलं ते सुट्टी बुडाल्याचं होतं.

मी समजावून सांगायला सुरुवात करतोय तोच एक जीप फाटकातून आत आली. तिच्यातून तुळसाताई उतरली. उतरली कसली, पडलीच. सबंध वाट रडून तिचा चेहरा सुजला होता. मागून भावोजी आणि अलोऱ्याची चार-पाच माणसं. ती दोन पावलं रडत आली, मला उभं पाहिलं आणि थांबली.

"मेल्या," ती म्हणाली, "जिता आहेस तर फोन का बंद ठेवलास?"

मला वाटलं जवळ घेईल. तिनं पाठीत धपाटा घातला. मग मला घट्ट धरून ती अशी रडली की हेडक्लार्कनंसुद्धा दुसरीकडे पाहिलं. मी तिला तोडणकर सरांचं सांगायला लागलो, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. 'रितेश नवा नवा'.

मी गर्दीतून बाजूला, पंपाच्या खोलीपाशी गेलो. कमालभाई माझ्या मागोमाग आले. मी फोन कानाला लावला. काही बोलायच्या आतच पलीकडून सुरू झालं.

"बाबा, जेवणाची सुट्टी झाली म्हणून लगेच केला. रडताय का तुम्ही? मयेकर काकांचं होणारच होतं हो, पाण्याच्या टाकीवरून रोज कुणाशी ना कुणाशी भांडायचे. पण तुमच्याशी बरे होते, मला माहितीय. बाबा? बोला ना."

कमालभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रितेश," मी म्हटलं. "मी मयेकर बोलतोय."

पलीकडे यंत्रांचा आवाज तेवढा येत होता.

"काका? पण तुम्ही तर..."

"मी नाही रे. मी नाही गेलो."

मला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. आयुष्यभर मी अर्ज, सूचना, इतिवृत्तं लिहिली, आणि मला एक वाक्य करता येईना. रितेशनंच ते ओझं माझ्यावरून काढून घेतलं. त्यानं विचारलं, "कधी?"

"पहाटे. गॅलरीत बसले होते. फोन हातात होता."

मग आला तो आवाज लहान मुलाचा वाटला. पासपोर्ट कंपनीकडे जमा होता. सुट्टी मिळून, कागद होऊन तो निघेपर्यंत दिवस जाणार होते. तोवर सरांना ठेवायला रत्नागिरीत सोय होईल की नाही ते विचारावं लागलं असतं. मी विचारतो म्हटलं. तो म्हणाला, "नको काका. बाबांना बर्फात नका ठेवू. थंडी सोसायची नाही त्यांना. तुम्हीच करा." मग म्हणाला, "अग्नी द्यायच्या आधी फोन त्यांच्या कानाला लावाल? मी फोनचं कार्ड घेऊन तुमच्या पाचच्या सुमारास करतो. मला थोडं बोलायचंय."

मी हो म्हटलं.

सरांच्या माणसांपैकी कोण आलं असेल ते मी शोधलं. कुणी नव्हतं. ज्यांना मेसेज गेला त्यांच्या लेखी मयेकर नावाचा कुणी सचिव वारला होता आणि त्याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. फक्त फ्रेमवाला आला होता. काही गोंधळ असणार असं वाटून तो सरांना भेटायला आला, आणि वर जाऊन त्यांच्या पायाशी बसला होता. सकाळी जमलेले सोसायटीतले पुरुष एव्हाना कामावर निघून गेलेले. तिरडीला खांदा द्यायला आम्ही तीन माणसं होतो आणि आवारात माझ्यासाठी जमलेले तीस.

भावोजींनी ते आधी ओळखलं. ते आपल्या माणसांना म्हणाले, "आलोच आहोत तर चला." हेडक्लार्कनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चपला काढल्या. भजनी मंडळानं माझ्यासाठी आणलेले टाळ सरांसाठी वाजवले. माझा हार सरांच्या गळ्यात घातला. त्यावर 'कै. मयेकर' अशी चिठ्ठी होती, ती मी हळूच काढून खिशात घातली. कमालभाईंनी पहिला खांदा दिला तो स्मशानापर्यंत बदलला नाही. ज्यांतल्या बहुतेकांनी सरांना कधी पाहिलं नव्हतं अशा तीस माणसांनी त्यांना पोहोचवलं.

स्मशानात वारा होता. भटजींना आणखी एका ठिकाणी जायचं होतं. चिता रचून झाली, सरांना वर ठेवलं, आणि भटजी म्हणाले, "चला." मी म्हटलं, थांबायचं. "कशासाठी?" मी म्हटलं, फोन यायचाय. भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा एकदा मेलो. पण कमालभाई पुढं होऊन म्हणाले, "पोराचा फोन हाय, महाराज. लांबून येतोय." मग भटजीही थांबले.

फोन आला. "लावलात का काका?" मी म्हटलं, "लावतोय." लाकडांवर एक हात टेकून मी वाकलो आणि सरांच्या कानावरचं कापड बाजूला करून फोन धरला.

फोनमधून बारीक आवाज येत होता. पहिलं "बाबा" मला ऐकू आलं. मग मी तोंड दुसरीकडे वळवलं, कारण ते माझ्यासाठी नव्हतं. तीस माणसं हात जोडून उभी होती. भटजींनी डोळे मिटले होते. वाऱ्यानं आग धरायची नाही म्हणून कुणीतरी आडोशाला पत्रा आणून ठेवत होतं, त्यानंही तो हळूच खाली ठेवला.

थोड्याच वेळात हाताला एक बारीकसा धक्का जाणवला आणि पुंगीसारखे दोन-तीन आवाज येऊन फोन मुका झाला. पलीकडचं कार्ड संपलं असावं. मी फोन जरासा तिरका करून पडदा पाहिला. त्यावर माझ्याच फोनचं रोजचं चित्र परत आलं होतं.

हे मला एकट्याला कळलं होतं. मी मान वर केली असती आणि "कट झाला" म्हटलं असतं तर सगळं तिथंच आटोपलं असतं. भटजींचा वेळ वाचला असता. मी मान वर केली नाही. मुका फोन सरांच्या कानाला लावून तसाच वाकून राहिलो. मुलाला बापाशी जेवढं बोलायचं असेल तेवढा वेळ. म्हणजे किती, ते मला माहीत नव्हतं. हात भरून आला, पाठीत कळ आली. कुणीतरी खोकलं. तरी मी धरून राहिलो. मग उठलो, कापड नीट केलं आणि म्हटलं, "झालं त्याचं."

अग्नी मी दिला.

घरी येऊन अंघोळ केली. तुळसाताईनं भाताची पेज केली होती, विमलानं सरांच्या घरी दिवा लावला होता. मी गॅलरीत बसलो होतो तोच फोन वाजला. रितेश.

"काका, मगाशी कार्ड संपलं हो," तो म्हणाला. घसा बसला होता त्याचा. "मला कळलंच नाही. मी बोलतच राहिलो. फोन बघितला तर कधीचा बंद. काका, बाबांनी कुठपर्यंत ऐकलं?"

"सगळं," मी म्हटलं. "सगळं ऐकलं त्यांनी. फोन मीच धरला होता."

तो म्हणाला, "बरं झालं, काका."